निर्दोष माणूस सुटतोच, पण कधी?

या चर्चेत दोघांनी लिहिलंय, ‘काही केलं नसेल तर कोर्टात सुटेलच, मग यूएपीएला (दहशतवादाविरुद्ध वापरला जाणारा बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा) घाबरायचं कशाला?’ मला हे अजिबात पटत नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व या कायद्याच्या कलम ४३ड(५) ने जामिनापुरतं उलटं केलंय. २००८ मध्ये घातलेलं हे पोटकलम सांगतं की, आरोप नुसते प्रथमदर्शनी खरे वाटले, तरी जामीन द्यायचा नाही. ते प्रथमदर्शनी दिसतं पोलिसांच्याच कागदांवरून. आरोपपत्राविना कोठडीही १८० दिवसांपर्यंत वाढवता येते.

माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून यूएपीएखाली खटला चाललेले दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचं नाव चर्चेत आलंच आहे, पण त्याच खटल्यातल्या पांडू नरोटेबद्दल कुणी लिहिलं नाही. गडचिरोलीचा आदिवासी तरुण. २०१३ मध्ये अटक, २०१७ मध्ये जन्मठेप. ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूरला कैदेत असतानाच स्वाइन फ्लूने गेला, वय जेमतेम तेहतीस. दीडेक महिन्यातच, १४ ऑक्टोबरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळ्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी शनिवार, तरी सर्वोच्च न्यायालयाने खास बसून त्या निकालाला स्थगिती दिली. पुढे तो निकाल रद्द झाला, फेरसुनावणी झाली आणि ५ मार्च २०२४ ला पुन्हा सगळे निर्दोष! व्हीलचेअरवरचे साईबाबा बाहेर आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वारले. ‘सुटेलच’ म्हणणाऱ्यांनी पांडूच्या घरच्यांना हे कसं समजावून सांगायचं, ते मला खरंच सांगावं.