मॅग्नम निवडताना पुंगळीचंही बघा

एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला सेमी-ऑटो, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, कोणत्या मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसाची घ्यावी, अशी चर्चा चालली होती. ‘सेमी-ऑटोत धक्का कमी बसतो, मग घ्यायचीच तर .३३८ विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) घ्या’ हे त्यातलं एक म्हणणं मला अर्धंच पटलं. गॅसवर चालणाऱ्या यंत्रणेत धक्का पसरून येतो, म्हणून खांद्याला मऊ लागतो. जात कुठेच नाही. एल्कला ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम किंवा .३०० विन मॅग भरपूर झाली.

पुंगळीबद्दल (काडतुसाच्या पितळी कवचाबद्दल) मात्र कुणीच बोललं नाही. माझा मावसभाऊ कोलोरॅडोत काडतुसं घरीच भरतो. (आम्हा पुणेकरांची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे बालेवाडीच्या रेंजवर, कागदापुरती!) बोल्ट-अ‍ॅक्शनच्या (हाताने बोल्ट ओढून काडतूस भरायच्या रायफलच्या) सवयीने त्याने वापरलेल्या पुंगळीची फक्त मान (गोळी बसते तो भाग) आवळली आणि सेमी-ऑटोत घातली. तिसरं काडतूस अडकलं. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग) बोटभर उघडा, ना पुढे ना मागे. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये मूठ दाबून बसवता तरी येतं, इथे स्प्रिंग ढकलेल तेवढंच. या तिन्ही मॅग्नमच्या बुडाशी पट्टा असतो आणि बार उडाला की पट्ट्याच्या लगेच वरचा भाग फुगतो. त्यामुळे पुंगळी दरवेळी डायमधून (मूळ मापात दाबणाऱ्या साच्यातून) अख्खी काढावी लागते. स्वतः भरणार नसाल, तर जवळच्या दुकानात ज्याची काडतुसं हमखास मिळतात तेच कॅलिबर घ्या. भाऊ आता तेच करतो.