मुलगा अठरा वर्षांचा होत आहे: कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा का?

कोयनाकाठ:

माझ्या धाकट्या मुलाला डाउन सिंड्रोम असून येत्या डिसेंबरमध्ये तो अठरा वर्षे पूर्ण करील. तो कराडजवळच्या एका विशेष शाळेत जातो. अंघोळ, जेवण, कपडे हे सर्व तो स्वतः सांभाळतो आणि ओळखीच्या दुकानातून दूध-पाव आणतो. मात्र परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब त्याला जमत नाही आणि कोणी गोड बोलून सही मागितली तर तो आनंदाने करून देतो. माझे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत व त्यांच्या निवृत्तीस थोडीच वर्षे उरली आहेत. मोठी मुलगी विवाहानंतर पुण्यात असते.

आजवर बँकेचे खाते, शाळेचे अर्ज, रुग्णालयातील संमतिपत्र अशा सर्व ठिकाणी आम्ही आई-वडील म्हणून सही करत आलो. अठरा वर्षांनंतर ही सही चालणार नाही, असे आम्हाला बँकेत सांगण्यात आले. त्यातच आणखी एक गुंता आहे. सासऱ्यांनी मृत्युपत्राने जमिनीचा लहानसा हिस्सा नातवाच्या नावे केला होता आणि सातबाऱ्यावर यजमानांचे नाव त्याचे अज्ञान पालनकर्ता म्हणून लागले आहे. मुलगा सज्ञान झाला की त्याने हक्कसोडपत्र करून द्यावे, आम्ही त्याला जन्मभर सांभाळू, असे दीर आता सुचवीत आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही, तरी मनाला स्वस्थता नाही.

कायदेशीर पालकत्व नेमके कोणाकडून मिळते, आम्हा दोघांना ते एकत्र घेता येते का, आणि आमच्या पश्चात ते मुलीकडे आपोआप जाते का? शिवाय असा अर्ज करणे म्हणजे आपल्याच मुलाला कायमचा असमर्थ ठरविणे तर नव्हे, ही शंका मला सतावते.

निवृत्त अव्वल कारकून:

ताई, बँकेने सांगितले ते बरोबर आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 नुसार आई-वडिलांना मिळालेले नैसर्गिक पालकत्व मूल सज्ञान होताच संपते, मग मुलाची बौद्धिक क्षमता कितीही असो. पुढच्या वयासाठी तुम्हाला राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 चा आधार घ्यावा लागेल. हा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आहे, आणि डाउन सिंड्रोममुळे आलेली बौद्धिक अक्षमता त्यात येते. केवळ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला मात्र हा कायदा लागू होत नाही; तिथे मार्ग वेगळा आहे.

या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे सदस्य असतात. कलम 14 खाली आई-वडील किंवा नातेवाईक या समितीकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करतात, आणि तुम्हा दोघांना तो एकत्र करता येईल. जिल्हाधिकारी कार्यालयात हे काम नेमके कोणत्या शाखेकडे असते ते जिल्ह्यागणिक बदलते, म्हणून आधी एकदा चौकशी करूनच कागद घेऊन जावे. वयाचा व रहिवासाचा पुरावा, तुमची ओळखपत्रे, छायाचित्रे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही मुख्य जुळवाजुळव आहे. यूडीआयडी कार्डावरील, म्हणजे दिव्यांगांच्या विशिष्ट ओळखपत्रावरील, वैधतेची तारीख आजच पाहून घ्या. लहान वयात दिलेली प्रमाणपत्रे बहुधा ठरावीक मुदतीची असतात, आणि ऐन अर्जाच्या वेळी मुदत संपलेली निघाली तर पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे तपासणी आणि मग अर्ज अशी दोन्हीकडची रखडपट्टी होते.

पालकत्व मिळाल्यावर जबाबदारीही येते, हे बऱ्याच पालकांना आदेश हाती पडल्यावर कळते. कलम 16 प्रमाणे नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत मुलाच्या नावावरील स्थावर-जंगम मालमत्ता, येणी आणि देणी यांची यादी सादर करावी लागते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत हिशेब द्यावा लागतो. तुमच्या मुलाच्या नावावर जमीन असल्यामुळे हे तुमच्या बाबतीत अगदी खरे काम आहे. सातबाऱ्याचा उतारा, फेरफार, खंडाने दिली असल्यास त्याची पावती, हे सर्व एका फाईलमध्ये ठेवा.

हक्कसोडपत्राबाबत माझे मत स्पष्ट आहे: ते मुळीच करू नये. व्यवहार समजून घेऊन त्याचा आपल्या हिताशी असलेला संबंध ताडण्याची क्षमता नसलेल्या व्यक्तीशी केलेला करार भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे टिकत नाही, तेव्हा उद्या वाद झाला तर तो कागद तुमच्या दिरांनाही उपयोगी पडणार नाही. शिवाय 'सांभाळ करू' हे आश्वासन त्या दस्तात कोणत्याही अंमलबजावणीच्या अटीशिवाय येते. समितीने दिलेले पालकत्व म्हणजेसुद्धा जमीन विकण्याचा मोकळा परवाना नव्हे. तशी वेळ आलीच तर जिल्हा न्यायालयाच्या परवानगीबाबत वकिलाकडून आधी खातरजमा करून घ्यावी. मुलगा सज्ञान झाल्यावर अज्ञान पालनकर्त्याची नोंद कमी करण्याचा प्रश्न तलाठी कार्यालयात निघेल, त्यावेळी पालकत्वाच्या आदेशाची प्रत सोबत असू द्या.

मधली बहीण:

मूळ प्रश्नातील एका भागाला अजून उत्तर मिळालेले नाही, आणि तो भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या थोरल्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे व आई-वडील गेल्यानंतर त्याची पालक मी आहे.

पालकत्व आपोआप मुलीकडे जात नाही. मृत्युपत्रात 'माझ्यानंतर मुलगी पालक राहील' असे लिहिले तरी सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत तेवढ्याने ती पालक होत नाही. तिला समितीकडे नव्याने अर्ज करावा लागतो. तरीही मृत्युपत्रात ती इच्छा कारणांसह लिहून ठेवावी, कारण समितीपुढे आणि नातेवाइकांपुढे त्या लिखाणाला वजन असते. आमच्याकडे असे काही लिहिलेले नव्हते, आणि कोणाचाही विरोध नसताना केवळ कागदांच्या अभावी मधले कित्येक महिने भावाचे खाते गोठलेले राहिले.

पैशांच्या बाबतीत पालक मंडळी मायेपोटी जे करतात त्याने अनेकदा अडचण वाढते. सर्व ठेवी मुलाच्या नावे करणे, प्रत्येक ठिकाणी त्यालाच नामनिर्देशित करणे, घर त्याच्या एकट्याच्या नावे ठेवणे, यांमुळे ती रक्कम मिळविण्यासाठीच पुन्हा पालक नेमावा लागतो, आणि उत्पन्नाची अट असलेल्या शासकीय योजनांसाठी तो अपात्र ठरण्याचीही शक्यता असते. त्यापेक्षा भारतीय न्यास अधिनियम, 1882 खाली मुलाच्या हितासाठी खासगी न्यास करावा, आणि विश्वस्त व पालक या दोन भूमिका शक्यतो वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवाव्यात. माझ्या भावाच्या खर्चाचा हिशेब मी एका चुलतभावाला, म्हणजे विश्वस्ताला, देते. कोणी माझ्यावर अविश्वास दाखविला म्हणून ही व्यवस्था केलेली नाही. उद्या मला विचारणारे कोणीतरी असावे, असे मलाच वाटले.

आणि कृपया मुलीला तिच्या नवऱ्यासह समोर बसवून विचारा. आमच्या घरात ती गोष्ट कोणी कधी बोललेच नाही. मी करीनच असे सर्वांनी गृहीत धरले होते. मी केलेही, आणि आनंदाने केले, पण विचारले असते तर मी काही अटी घातल्या असत्या, उदाहरणार्थ, भाऊ माझ्याच घरी राहील की एखाद्या निवासी संस्थेत, हे ठरविण्याची मोकळीक मला असावी. बदलापूरची 'आधार' किंवा डोंबिवलीजवळच्या खोणी येथील 'घरकुल' अशा संस्था पालकांनीच उभ्या केल्या आहेत. त्या पाहायला आई-वडील हयात असतानाच मुलाला घेऊन जावे. तिथे ठेवायचेच असे नाही, परंतु बहिणीला पुढे तो पर्याय निवडावा लागला तर तिने भावाला टाकले असे निदान घरातले कोणी म्हणणार नाही.

विशेष शिक्षिका, नाशिक:

वरील दोन्ही उत्तरे व्यवहाराच्या दृष्टीने उपयुक्त आहेत, परंतु कायदेशीर पालकत्व घ्यायचेच हे त्यांत गृहीत धरलेले दिसते, आणि ताईंची शेवटची शंका तशीच राहिली आहे. ती शंका अत्यंत रास्त आहे.

कलम 14 मध्येच असे म्हटले आहे की अर्ज विचारात घेताना समितीने प्रथम या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रयोजनासाठी, हे पाहावे. अर्जात आपण ही प्रयोजने मोघम लिहितो, म्हणून आदेशही मोघम मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 तर याहून पुढे गेला आहे. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारास मान्यता दिल्यानंतर आलेल्या या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे, ज्यात पालक आणि ती व्यक्ती परस्पर विश्वासाने मिळून निर्णय घेतात. तुमच्या मुलाच्या जमिनीसाठी आणि बँकेच्या मोठ्या व्यवहारांसाठी पालक हवा, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र कोणता शर्ट घ्यावा, कोणाकडे राहायला जावे, केस किती कापावेत, दवाखान्यात सुई घ्यायची तर आधी त्याला काय सांगावे, हे विषय त्या आदेशाच्या आडून त्याच्याकडून काढून घेतले जाऊ नयेत. मतदार यादीतही त्याचे नाव अवश्य नोंदवा. कायद्याने अपात्र ठरते ती सक्षम न्यायालयाने विकल मनाची म्हणून घोषित केलेली व्यक्ती, आणि स्थानिक स्तर समिती हे न्यायालय नव्हे.

तो गोड बोलण्याला भुलून सही करतो, असे तुम्ही लिहिले आहे. उरलेल्या महिन्यांत शाळेच्या मदतीने त्याला एकच वाक्य पक्के करून द्या: 'मी आधी आईला विचारतो.' आमच्याकडील मुलांना हे आम्ही दुकानदार, पाहुणे आणि शेजारी यांच्या भूमिका करून शिकवितो. अनोळखी माणसाला नकार देणे मुले लवकर शिकतात. आवडत्या काकांना नकार देणे त्यांना खरोखर अवघड जाते, म्हणून सराव नेमका तिथे व्हायला हवा.

शाळा सुटल्यानंतरच्या दिवसाचा विचारही आत्ताच करा. अठरानंतर आपल्याकडे कर्मशाळा हा मुख्य मार्ग आहे. तिथे पणत्या, कागदी पिशव्या, मसाल्याची पाकिटे असे काम असते. मानधन थोडे असले तरी सकाळी डबा घेऊन बाहेर पडण्याची सवय टिकते. जी मुले शाळा संपल्यावर घरी बसतात, त्यांची वर्षानुवर्षे कमावलेली कौशल्ये आमच्या डोळ्यांदेखत मागे जातात, आणि कायद्याच्या कोणत्याही कागदाने ती परत येत नाहीत.

कोयनाकाठ:

आपणा सर्वांची मी आभारी आहे. अर्ज करण्याचे आम्ही ठरविले आहे, मात्र त्यात 'जमीन, बँक व वैद्यकीय संमती' एवढीच प्रयोजने लिहिणार आहोत. मुलगी आणि जावई गणपतीत येतील तेव्हा त्यांच्याशी बोलू. दिरांना यजमानांनी काल नम्रपणे नकार कळविला. ते काहीसे नाराज आहेत. एवढेच विचारायचे राहिले: पालकत्वाचा आदेश मिळाला तरी बँकेने न्यायालयाचाच दाखला आणा असा आग्रह धरला तर काय करावे?

निवृत्त अव्वल कारकून:

राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक स्तर समितीने दिलेल्या पालकत्व प्रमाणपत्राच्या आधारे खाते उघडता व चालविता येते, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना पूर्वीच दिलेल्या आहेत. शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करून त्यात या सूचनांचा उल्लेख करा आणि नकार मिळाल्यास तोही लेखी मागा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

यजमानांच्या सेवेबद्दल आपण लिहिले आहे, म्हणून एक सुचवितो. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम, 1982 ज्यांना लागू आहेत, त्यांच्या उपजीविका कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्यास आई-वडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची तरतूद आहे. यजमानांना हे नियम लागू आहेत की नवी अंशदायी निवृत्तिवेतन योजना, ते प्रथम कार्यालयात विचारून घ्या. जुने नियम लागू असतील तर मुलाचे नाव आणि त्याचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र यजमान सेवेत असतानाच कुटुंबाच्या तपशिलात नोंदवून घ्या, आणि त्या नोंदीची पोचपावती पालकत्वाच्या फाईलमध्येच लावा.