वजन उतरवायला भाकरी सोडायची गरज आहे का?

तापीकाठ

जळगाव-भुसावळकडे सध्या वजन उतरवायचं म्हटलं की पहिला घाव भाकरीवर बसतो. जिमवाला सांगतो कार्ब्ज (म्हणजे पिष्टमय पदार्थ) बंद, मोबाईलवरचे व्हिडिओ सांगतात कार्ब्ज बंद, आणि घरातला माणूस भाकरी ताटाबाहेर काढून शेवभाजीची वाटी तर्रीसकट संपवतो. पनीर चालतं, चीज चालतं, तूप चालतं. चालत नाही ती फक्त ज्वारीची भाकरी. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते हिशोबानेच मांडतो.

मध्यम भाकरीला ८० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३३०-३४० कॅलरी, म्हणजे एक भाकरी साधारण २७० ची. त्यात ८ ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तेवढाच चोथा. आता शेवभाजी घ्या. तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींचा असतो, आणि ढाब्यावरच्या वाटीत वर जो लाल थर तरंगतो तो दोन-तीन चमच्यांचा सहज भरतो. त्यात पडणारी शेव आधीच तळलेली, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास. मूठभर शेव धरली तरी वाटी पाचशेच्या घरात गेली. भाकरी काढली आणि वाटी ठेवली, तर मोठा खर्च होता तिथेच राहिला.

दादर ज्वारीची भाकरी, मैद्याची खारी आणि चहातली साखर यांना एकाच रांगेत उभं करणं हाच मूळ घोटाळा आहे. माझं म्हणणं एवढंच की भाकरी मोजून खा, पण खा. कमी करायचं असेल तर आधी तर्री, चौकातली कचोरी आणि चार वाजताची बिस्किटं कमी करा.

पांझरा

तापीकाठ दादा, तेलावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. पण भाकरीला निर्दोष सोडताय, तिथे माझा विरोध आहे.

धुळ्यातल्या कुठल्याही बसून काम करणाऱ्या माणसाचा दिवस बघा. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि वर भात, चारला चहा-बिस्किट, रात्री खिचडी आणि तिच्यासोबत बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड. म्हणजे दिवसभर धान्यावर धान्य. डाळ असते ती वरणाच्या पाण्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हेच आहे: भारतीयांची ५० ते ७० टक्के ऊर्जा धान्यातून येते, ती ४५ टक्क्यांच्या आसपास असायला हवी. डाळी, अंडी, मासे, मटण सगळं धरून ६ ते ९ टक्के, आणि हवं होतं १४. ताट एका बाजूला कललेलं आहे, आणि ते ज्या बाजूला कललंय तिथूनच काढावं लागेल ना?

माझे ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक चरबी, चढलेले होते, कंबर सुटलेली होती. मी रात्रीचं धान्य पूर्ण बंद केलं आणि दुपारी एकच भाकरी ठेवली. बाकी मूग, मटकी, अंडी, ताक, पालेभाजी. पट्टा आत सरकला आणि रिपोर्टही सुधारले. पिष्टमय खाणं जास्त झालं की ट्रायग्लिसराइड्स वाढतात, हे काही मी शोधलेलं नाही.

दुसरं असं की ग्रॅम आणि कॅलरी मोजणं सगळ्यांना जमत नाही. ‘रात्री धान्य नाही’ हा नियम माझ्या अंगठेबहाद्दर मावशीलाही पाळता येतो. सोपा नियम टिकतो.

गिरणाथडी

मी तर म्हणेन एक भाकरीसुद्धा कशाला? कार्ब्ज पोटात गेले की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन वाढलं की चरबी साठते. मी धान्य, फळं, बटाटा, सगळं सोडलं आणि पहिल्या आठवड्यातच काटा भराभर खाली आला. भूकही लागत नाही. आपले आजोबा पहाटे मोट हाकायचे, त्यांनी पाच भाकरी खाल्ल्या तर त्या जिरत होत्या. आज नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी मोटर काढते. काम गेलं, मग भाकरीही जायला हवी. भावनेच्या आहारी जाऊन तिला धरून बसण्यात काही अर्थ नाही.

सातपुडा

गिरणाथडी भाऊ, तुमचं वजन उतरलं ही आनंदाची गोष्ट आहे. पण पहिल्या आठवड्यात उतरतं ते बहुतेक पाणी असतं. शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज थांबले की हा साठा वापरला जातो आणि पाणीही निघून जातं. लग्नात दोन दिवस जेवलात की ते परत येतं. काट्याचा हा चढउतार म्हणजे चरबीचा चढउतार नव्हे.

इन्सुलिनचंही सांगतो. सगळा दोष त्याचाच असता तर कमी कार्ब्ज खाणारे मोठ्या फरकाने जिंकायला हवे होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ६०९ माणसं, पूर्ण वर्षभर. एका गटाने कार्ब्ज कमी केले, दुसऱ्याने स्निग्ध पदार्थ. वर्षाअखेर कमी कार्ब्जवाल्यांचं वजन सरासरी ६ किलोने उतरलं, दुसऱ्या गटाचं ५.३ किलोने. हा फरक धरण्याजोगा नव्हता. दोन्ही गटांना मैदा आणि साखर टाळायला आणि भाजीपाला भरपूर खायला सांगितलं होतं, हे मात्र लक्षात घ्या.

मधुमेहाच्या बाबतीत तर आणखी विचार करायला लावणारा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, ‘डायरेक्ट’ नावाचा. टाइप २ चे रुग्ण काही महिने दिवसाला ८५० कॅलरींच्या आसपासच्या पेय-आहारावर ठेवले. वर्षाने त्यातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आलेला होता. आणि त्या पेयातली जवळपास ५९ टक्के ऊर्जा कार्ब्जचीच होती! फरक पडला तो एकूण खाणं कमी झाल्याने आणि वजन उतरल्याने.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कारण मी वैद्यकीय क्षेत्रात आहे. ज्यांना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन चालू आहे, त्यांनी परस्पर भाकरी-भात बंद करू नये. साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, माणूस कोसळतो. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कीटो, म्हणजे कार्ब्ज जवळपास बंद, केलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही जिवावर बेतणारं. आधी डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या, मग ताट बदला. शेजाऱ्याला जमलं म्हणून आपण करायचं, असला हा प्रकार नाही.

पांझरा

सातपुडा सर, गोळ्यांचं फार महत्त्वाचं सांगितलंत, ते घराघरांत पोचायला हवं. पण स्टॅनफर्डवरून आपल्याकडचा निकाल लावायला मी तयार नाही. आपल्या लोकांची चरबी पोटात आधी साठते. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्याची) मर्यादा २५ ऐवजी २३ धरतात, आणि कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटर. शिवाय त्या अभ्यासातल्या दोन्ही गटांनी मैदा-साखर सोडली, म्हणजे कार्ब्जचा वाईट भाग दोघांनीही काढलाच की.

अमळनेरची सून

सगळे भाऊ पिठाचा हिशोब मांडताहेत, पीठ मळणारीचंही ऐका.

आमच्या घरात सासरे अजून शेतात जातात, त्यांना तीन भाकरी लागतात. यांचं दुकान, दिवसभर गादीवर बसणं. सासूबाईंना शुगर. एका तव्यावर तीन तऱ्हा कशा करायच्या? ‘आजपासून मला धान्य नको’ असं म्हणणाऱ्याला वेगळं पनीर, वेगळी अंडी कोण करून देणार, आणि रोजचा तो खर्च कुठून आणणार, हे कुणीच बोलत नाही.

मी त्यावर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीचा मार्ग काढलाय. दादर ज्वारी आणि सालासकट काळे उडीद एकत्र, चिमूटभर मीठ घालून गिरणीतून दळून आणते. पूर्वी पायलीला नावापुरते उडीद पडायचे, मी ते वाढवून तीन वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद केलेत. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, भाकरी थापताना कडा फुटत नाहीत, पातळ थापता येते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा गरजेचा घटक कमी असतो, तो उडीद भरून काढतात. सोबत भरताचं वांगं किंवा मेथीची भाजी, कांदा, ठेचा. हे पूर्वी अडीच भाकरी खायचे, कळण्याची दीड खाऊन उठतात आणि संध्याकाळपर्यंत डब्यात हात घालत नाहीत.

पांझरा भाऊ, तुम्हाला ताटात डाळ वाढवायची आहे ना? मग ती भाकरीतच घाला. भाकरी काढायचं काय कारण?

रावेरी

थोडं केळ्यांबद्दल. आमच्या बागेतला माल दिल्लीपर्यंत जातो, पण गावातलीच पोरं आता म्हणतात ‘केळ्याने वजन वाढतं’. मध्यम केळ्यात शंभरेक कॅलरी असतात, पोटभरीचं फळ आहे. त्याऐवजी सावदा-फैजपूरच्या रस्त्यावरून तीच पोरं वेफर्सची पाकिटं घेतात, १०० ग्रॅमला पाचशेच्या वर. केळं तेच, कढईत पडल्यावर त्याचं काय झालं ते बघा. गिरणाथडी भाऊंनी फळं सोडली, ते काही मला पटलं नाही.

शहादेकर

धडगाव-अक्कलकुव्याकडून कापूस वेचायला उतरणारी माणसं दिवसभर उन्हात वाकलेली असतात. त्यांच्या फडक्यात भाकरी आणि चटणी असते, दुसरं काही नसतं. आमच्याकडे म्हातारे विचारतात, ‘भाकर सोडीसन खावानं काय?’ कार्ब्ज कुणी कमी करायचे ते आधी ठरवा. सरसकट सल्ला देऊ नका, एवढंच सांगायचंय.

गिरणाथडी

शहादेकर भाऊ, मी मजुरांना सांगत नाहीये, बसून खाणाऱ्यांना सांगतोय. सातपुडा सरांचं पाण्याचं मान्य, पण माझी कंबरही उतरली आहे, तिथे पाणी नव्हतं. मला भुकेवर ताबा फक्त याच मार्गाने आला. एखाद्याला एका भाकरीवर थांबता येतं, मला येत नाही. माझ्यासाठी पूर्ण बंद हेच सोपं आहे, आणि मी तेच चालू ठेवणार. मला कुठलीही गोळी चालू नाही.

तापीकाठ

गिरणाथडी भाऊ, तुमच्या ताटाबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याला जे झेपतं आणि टिकतं ते त्याने करावं. माझा विरोध आहे तो सगळ्या खान्देशाला तेच सांगण्याला.

पांझरा भाऊंनी दिलेल्या सूचनांचाच आधार घेतो. त्यात २००० कॅलरींच्या ताटाला दिवसाचं २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळ किंवा अंडी-मटण दिलंय. २५० ग्रॅम पीठ म्हणजे माझ्या हिशोबाने तीन भाकरी. वजन उतरवायचं म्हणून ताट १५०० कॅलरींवर आणलं तरी दोन भाकरी सुखाने बसतात. अट एकच: मग पोहे, भात आणि बिस्किटं त्यातच मोजायची. आपण भाकरी मोजतो आणि बाकीचं धान्य मोजतच नाही, तिथे गाडी अडते.

आता भरताचे दिवस येताहेत. बामणोदची वांगी, कांद्याची पात, हिरवी मिरची. वांगं मुळात हलकं. पण भरीत पार्टीत सोबत तळलेल्या पुऱ्या असतात आणि भरतातही तेलाचा हात सैल असतो. यंदा आम्ही पुऱ्यांऐवजी कळण्याच्या भाकरी ठेवणार आहोत. वरण-बट्टीचं तसंच. बट्टी तळायची, वर तुपात बुडवायची आणि दोष गव्हाला द्यायचा, हे बरोबर नाही.

पांझरा

दोन भाकरी दिवसभरात, बाकी धान्य मोजून, इथपर्यंत मी येतो. पण रात्रीच्या खिचडीचं काय? आमच्याकडे ती रोज असते, आणि तिच्यात तांदूळच तांदूळ असतो. माझं मत अजून तेच आहे की बसून काम करणाऱ्याने रात्री तांदूळ नकोच.

अमळनेरची सून

भाऊ, खिचडी बंद केली तर आमच्या घरात रात्री कुणी जेवणार नाही. मी तिचं माप बदललं आहे. आधी दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी तूरडाळ पडायची, आता एक वाटी तांदळाला एक वाटी डाळ, त्यात मेथी किंवा पालक आणि मूठभर शेंगदाणे. वरून कच्चं तेल ओतायची सवय होती, ते ताटाला एक छोटा चमचा असं ठरवून दिलं. बिबड्या तळत नाही, गॅसवर भाजते. आणि खिचडीच्या आधी ताटात कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि वाटीभर कढी वाढते, मग खिचडीची दुसरी वाढणी आपोआप कमी होते. डाळ जास्त झाली की खिचडी लगेच घट्ट होते, तेवढं पाणी जास्त घाला.