लहान विमानतळावर इंधन कोणी विकायचं?

वारादर्शक
नियमित प्रवासी सेवा नसलेले, प्रशिक्षणाची विमानं, एअर अँब्युलन्स, फवारणी आणि मोजके खाजगी मालक एवढ्यांवर चालणारे सार्वजनिक विमानतळ मला अभिप्रेत आहेत. तिथली इंधनविक्री विमानतळाने स्वतःच करावी, ठेक्यावर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ठेकेदार हंगामात हौसेने येतो. रहदारी रोडावली की आधी वेळ कमी करतो, मग माणसं कमी करतो आणि शेवटी पंपाला कुलूप. धावपट्टी, दिवे, कुंपण यांचा खर्च मात्र जनतेच्या पैशातून चालूच राहतो. वैमानिक थांबा ठरवताना आधी बघतो ते इंधन मिळेल का. मिळणार नसेल तर तो वरून निघून जातो आणि त्याच्यासोबत हँगरचं, म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं, भाडंही जातं.

अमेरिकेत केंद्राचं अनुदान घेतलेल्या विमानतळाला कुणा एकाला मक्तेदारी देता येत नाही, पण मालक संस्थेला स्वतः एकट्याने इंधन विकायची मुभा आहे. अट अशी की माणसं आणि साधनं स्वतःची हवीत. ही मुभा लहान विमानतळांनी जरूर वापरावी.

हिशेबनीस
साफ असहमत. टँकर परवडतो तो भरून आणला तरच. कमी खपाच्या जागी तो माल महिनोन्महिने पुरतो आणि तोवर पैसा टाकीत अडकतो. मध्येच भाव उतरले तर जवळच्या विमानतळावर स्वस्त, आणि तुम्ही जुन्या दराच्या साठ्यावर बसलेले. खाजगी विक्रेता त्याच दिवशी दर बदलतो. सार्वजनिक संस्थेत त्यासाठी टिपण, मंजुरी, पुढची बैठक! चुकीचं इंधन भरलं जाऊन अपघात झाला तर भरपाईचा दावाही थेट संस्थेवर. पंपाला कुलूप लागतं ते ठेका ढिला लिहिल्यामुळे. किमान वेळ, किमान साठा आणि दंड नीट लिहा, मग बघा.

वारादर्शक
दंड लिहिता येईल, पण निविदाच एक आली असेल तर ठेका रद्द करण्याचा धाक कुणाला?

टाकीवाला
मी इंधन हाताळणीतच काम करतो. तुमचं दोघांचं पैशांवर चाललंय. माझा प्रश्न वेगळा आहे: टाकीच्या तळाचं पाणी रोज सकाळी कोण काढतं?

खप कमी असला की टाकी बराच काळ अर्धी राहते. रिकाम्या भागातली दमट हवा रात्री गार होते आणि पाणी धरतं. ते इंधनापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. जेट इंधनात, म्हणजे टर्बाइन इंजिनांच्या रॉकेलसारख्या इंधनात, तर पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तिचा गाळ फिल्टर तुंबवतो. म्हणून रोज तळाचा नमुना स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यायचा, गोल हलवून मधोमध भोवरा करायचा. पाणी, गंज, कचरा जे काही असेल ते भोवऱ्याखाली गोळा होतं. रंगही तिथेच कळतो. १०० एलएल एव्हगॅस (पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांचं पेट्रोल) निळं, जेट ए-१ हे जेट इंधन पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर. निळा रंग फिका वाटला तरी विक्री थांबवायची, कारण दुसरं इंधन मिसळलेलं असू शकतं.

ही किरकोळ बाब नाही. २०१० मध्ये सुराबायाहून हाँगकाँगला निघालेल्या कॅथे पॅसिफिकच्या ए३३० विमानात दूषित इंधन गेलं आणि दोन्ही इंजिनांचा जोर वैमानिकांच्या ताब्यात राहिला नाही. विमान अतिशय वेगात उतरवावं लागलं. पाणी शोषणाऱ्या फिल्टरमधल्या पदार्थाचेच कण इंधनात उतरले होते. ते तर मोठं विमानतळ होतं. त्यामुळे विक्री कुणीही करो, नमुना विमानतळाच्या स्वतःच्या माणसाने घ्यायचा आणि नोंदवही विमानतळाच्या ताब्यात, यावर तडजोड नको.

रात्रउड्डाण
माणूसच कशाला हवा? कार्ड लावून स्वतः भरायचा पंप बसवा. रात्री-अपरात्री येणाऱ्याला इंधन मिळेल, पगाराचा बोजा नाही. बहुतेक लहान विमानांचे वैमानिक टाकीतून नमुना काढायला शिकलेलेच असतात.

टाकीवाला
एव्हगॅससाठी चालेल, जेटसाठी माझा विरोध आहे. जेटच्या नोझलचं तोंड मुद्दाम चपटं, रुंद ठेवतात, म्हणजे ते पिस्टन विमानाच्या अरुंद टाकीत शिरत नाही. पण काही हेलिकॉप्टरना बारीक गोल तोंडच लागतं, मग ते कुणीतरी बदलतं आणि तसंच राहतं. पुढे पिस्टन विमानात जेट गेलं तरी नळ्यांतल्या जुन्या एव्हगॅसवर इंजिन सुरू होतं, विमान धावपट्टीपर्यंत चालत जातं, कधी उड्डाणही होतं. इंजिन दगा देतं ते जमीन सोडल्यावर. भरताना डोळ्यांसमोर माणूस असला तर हे थांबतं. पंप एकटा असेल तर कोण थांबवणार? शिवाय वैमानिक विमानाची टाकी तपासतो, जमिनीवरची नाही.

रात्रउड्डाण
एव्हगॅसपुरतं मान्य झालं ना, मग तेवढा पंप तरी बसवा. जेट भरणाऱ्यांना आधी कळवायला सांगता येतं.

वारादर्शक
आणखी एक गोष्ट. १०० एलएलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा काउंटीने २०२२ च्या सुरुवातीपासून आपल्या दोन विमानतळांवर त्याची विक्री बंद केली. पंप ठेकेदाराच्या हातात असेल तर असा निर्णय घेताना आधी त्याच्याशी भांडावं लागतं.

हिशेबनीस
हेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तिथे पर्याय म्हणून आलेलं ९४ ऑक्टेनचं बिनशिशाचं इंधन जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनांना चालत नाही. अशा मालकांना तेव्हा भरायला दुसरीकडे जावं लागलं. निर्णयाचा हक्क पंपाच्या मालकाला आणि भुर्दंड गिऱ्हाईकाला.

टाकीवाल्यांचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. नमुना विमानतळाचा, विक्री ठेकेदाराची.

वारादर्शक
रोज सकाळी विमानतळाचा माणूस टाकीपाशी जाणारच असेल, तर पगाराचा खर्च आपण केलाच. मग ठेकेदारामुळे वाचलं काय?

हिशेबनीस
विमा आणि साठ्यात अडकणारं भांडवल. सकाळच्या नमुन्याला थोडा वेळ लागतो. दिवसभर बाउझर (इंधन भरायची गाडी) घेऊन उभं राहणं, उधारी वसूल करणं, टँकर मागवणं हे त्याच माणसाच्या गळ्यात घातलंत तर आधी कात्री लागेल ती त्या नमुन्यालाच.