आतड्याचा कॅन्सर आणि रोजचं खाणं, नक्की काय संबंध?

धास्तावलेला_भाचा: मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, मटण तर महिन्यातून एकदाच खायचे, मग काय टाळायचं?

भाकरीवाली: एका पदार्थावर खापर फोडू नका हो, रोजचं ताट बघा. २०१५ला डब्ल्यूएचओच्या आयएआरसीने (कॅन्सर संशोधन संस्थेने) सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस ग्रुप १ मध्ये, म्हणजे 'कॅन्सर नक्की होऊ शकतो' गटात टाकलं, रोज ५० ग्रॅमला धोका साधारण १८ टक्के वाढतो (म्हणजे मूळ धोक्याच्या १८ टक्के, शंभरातले १८ जण नव्हे), मटण 'बहुधा कॅन्सरकारक' गटात. ज्वारी, उसळी, पालेभाज्यांतल्या फायबरने धोका कमी होतो.

चकणाबहाद्दर: आणि दारू? ती कोणी मोजतच नाही 😅

भाकरीवाली: तीपण मोजा, वजनपण. आणि शौचातून रक्त पडलं की मूळव्याध समजून घरी बसू नका, मामांच्या मुलांनी डॉक्टरांना कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचं) विचारून घ्या.