‘ब्लॅक रेन’ अर्धवट सोडू का पुढे वाचू? (स्पॉयलर आहेत)

सई_डोंबिवली
मासुजी इबुसेची ‘ब्लॅक रेन’ लायब्ररीतून आणलीय, जॉन बेस्टरचं इंग्रजी भाषांतर. हिरोशिमावरची एवढी गाजलेली कादंबरी म्हणून घेतली, वाटलं ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळपासून सुरू होईल आणि हातातून ठेववणार नाही, पण इथे बॉम्ब पडून चारेक वर्षं उलटलीत, शिगेमात्सु नावाचा काका खेड्यात बसून भाचीच्या लग्नाची काळजी करतोय, मधेच तळ्यात मासे वाढवायचं चाललंय. साठ-सत्तर पानं झाली. पुढे वेग पकडते का? की माझंच काहीतरी चुकतंय?

माळरान
अगं भाचीचं स्थळ जमवणं हेच तर पुस्तक आहे! मासिकात क्रमशः यायला लागली १९६५ ला तेव्हा नावच ‘भाचीचं लग्न’ अशा अर्थाचं होतं, ‘काळा पाऊस’ (बॉम्बनंतर पडलेला काळा, किरणोत्सारी पाऊस) हे नंतर झालं. आपल्याकडे कसं, पोरगी बघायला यायच्या आधी गावात कोणीतरी हळूच विचारून जातं की काही आजारपण-बिजारपण नाही ना, तेच अगदी. काका बिचारा डॉक्टरचं सर्टिफिकेट काढून पाठवतो आणि मध्यस्थाला उलट जास्तच संशय येतो, म्हणे बॉम्ब पडल्यापासून गावी येईपर्यंत मुलगी नेमकी कुठे कुठे होती ते कळवा. म्हणून मग तिची डायरी नकलून काढायला बसतात. तिथे बायको म्हणते, ते काळ्या पावसाचं तेवढं गाळलं तर? मी तिथे पुस्तक मिटून बसलो होतो थोडा वेळ. यासुको, म्हणजे ही भाची, स्फोटाच्या वेळी लांब होती, तिला काहीच झालेलं नाही हे सिद्ध करायला काढलेली डायरी, आणि त्याच डायरीत ती लिहून बसलीय की अंगावरचे काळे डाग साबणाने घासले तरी निघेनात.
आणि मासे उगाच नाहीत गं. किरणोत्साराच्या आजारामुळे डॉक्टरने जड काम बंद केलेलं, म्हणून काका आणि त्याच्यासारखे बॉम्बपीडित गळ टाकून बसतात तर शेजारची बाई टोमणा मारते, लोक कामात बुडालेत आणि तुमची मजा आहे. म्हणून पिल्लं वाढवायची, म्हणजे गळ टाकायला कारण मिळतं.

तिरकस
मी जरा वेगळं बोलतो, मारू नका. जबरदस्त आहे मान्य, पण मधली दीडशे पानं प्रेतं, भाजलेली माणसं, परत प्रेतं, एका पॉइंटनंतर मला काही वाटेनाच झालं आणि त्याचीच लाज वाटली. दुसरं म्हणजे यासुको स्वतः किती बोलते? काका लिहितो, काकू लिहिते, डॉक्टर लिहितो, आणि जिचं लग्न मोडतंय ती आजारी पडते तेही लपवून. सम्राटाचं शरणागतीचं भाषण रेडिओवर चालू असताना शिगेमात्सु बाहेर ओढ्यात वर चढणारी ईलची पिल्लं बघत उभा असतो, तो सीन मात्र शंभर नंबरी.

आरती_पुणे३०
@तिरकस ती बोलत नाही हाच मुद्दा आहे असं मला वाटतं, घरात तिच्याबद्दल सगळे बोलतात, तिला कोण विचारतंय. भोपाळच्या गॅसग्रस्त मुलींचंही लग्न ठरताना असंच व्हायचं, घराणं चांगलं, मुलगी चांगली, पण वस्ती कुठली?
बाकी हे सगळं कल्पनेतलं नाहीये, शिगेमात्सुच्या मागे खरा माणूस आहे आणि इबुसेने त्याच्या खऱ्या डायरीवरून लिहिलंय. आणि काळ्या पावसाचा वाद कोर्टात कधी मिटला माहितीये? सरकारने नकाशावर जी हद्द आखली होती तिच्याबाहेर भिजलेल्या ८४ जणांना बॉम्बपीडित माना, असा हिरोशिमा हायकोर्टाचा निकाल जुलै २०२१ मध्ये आला, सरकारने पुढे अपील केलं नाही. ७६ वर्षं! यातले काही निकालाआधीच गेले.

सई_डोंबिवली
बाप रे. सर्टिफिकेटचा भाग मी वाचला होता पण असा विचारच केला नाही, मी बॉम्ब कधी येतो याची वाट बघत पानं उलटत होते. परत पहिल्यापासून घेते. सिनेमा पण आहे ना, तो आधी बघू का?

माळरान
दिग्दर्शक इमामुराचा, १९८९ चा, ब्लॅक अँड व्हाइट. आधी पुस्तक. आणि लायब्ररीची तारीख वाढवून घे, दोन आठवड्यांत होत नाही हे.