व्हॉट्सॲपवर घेतलेली फराळाची ऑर्डर करार धरतात का? (बडोदा)

दांडियाबाजारची_लेक:
नमस्कार मंडळी, कोणी कायद्याचे जाणकार असतील तर प्लीज सांगा. माझी आई आणि काकू दिवाळीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात, यंदा एका ऑफिसातून फोन आला, मग आईने व्हॉट्सॲपवर भाव टाकले, त्यावर त्यांनी लिहिलं "६० बॉक्स, ४५० प्रमाणे, धनतेरसला सकाळी पाठवा", आईने लिहिलं "हो, नक्की". बयाणा घेतला नाही. आता अनारशाचं पीठ तयार, चकल्या निम्म्या तळून झाल्या आणि ते म्हणतात ऑर्डर कॅन्सल, कुठे लिहून दिलंय, स्टॅम्प पेपर आहे का? आई रडकुंडीला आलीय. खरंच आपला काहीच हक्क नाही का?

रावपुरा_वकील:
ताई, आईंना सांगा घाबरू नका. स्टॅम्प पेपर म्हणजेच करार हा समज आपल्याकडे फार खोल बसलाय आणि त्याच्या जोरावर लोक घरून धंदा करणाऱ्या बायकांना दमात घेतात, ह्याची मला मनापासून चीड आहे. १८७२ चा करार कायदा, कलम १० बघा. दोघांची राजीखुशी हवी, दोघंही १८ पूर्ण आणि डोकं ठिकाणावर असलेले हवेत, मोबदला हवा आणि काम कायद्यात बसणारं हवं, बस. लेखीच पाहिजे असं सरसकट कुठे नाही, घर-जमिनीसारखे जे व्यवहार दुसरा कायदा लेखी किंवा रजिस्टर मागतो तेवढेच सोडून.

आता तुमचं चॅट. आईंनी भाव टाकले तो प्रस्ताव नाही, ते नुसतं भाव कळवणं. "६० बॉक्स, ४५० प्रमाणे, धनतेरसला" हा त्यांचा प्रस्ताव, आणि आईंचं "हो, नक्की" ही स्वीकृती. त्याआधी ते मागे फिरू शकत होते, नंतर नाही. बयाणा नसला तरी चालतं कारण तुम्ही माल द्यायचा, त्यांनी पैसे द्यायचे, हा एकमेकांना दिलेला शब्दच मोबदला धरतात. अहो, अहमदाबादचा व्यापारी आणि आपल्या विदर्भातल्या खामगावची मिल ह्यांचा सरकीच्या पेंडीचा सौदा नुसत्या फोनवर झाला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६५ मध्ये कोर्टाने सांगितलं की होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणून अहमदाबादच्या कोर्टात दावा चालेल. तुमच्याकडे तर सगळं टाइप केलेलं आहे! आयटी कायद्याचं कलम १०अ पण हेच म्हणतं, इलेक्ट्रॉनिक मेसेजवरून झाला एवढ्यासाठी करार नाकारता येत नाही.

मांडवीकर:
वकीलसाहेबांचं पटतं, पण तो मेसेज नक्की कोणी टाकला ते आधी बघा. कोणाच्या १६-१७ वर्षांच्या पोराने टाकला असेल तर काही हाती लागणार नाही, अज्ञानाने, म्हणजे १८ पूर्ण नसलेल्याने, केलेला करार मुळातच रद्द, १९०३ च्या मोहरी बीबी केसपासून हे पक्कं आहे. ऑफिसातल्या माणसाला ऑर्डर द्यायचा अधिकार होता का हेही विचारतात. आणि पुढच्या वेळी समोरचा "बघतो, कळवतो" म्हणाला किंवा गप्प बसला तर ते होकार धरून तळायला बसू नका.

दांडियाबाजारची_लेक:
दादा, ॲडमिनच्या मॅडमनी ऑफिसच्याच नंबरवरून टाकलाय, दरवर्षी खरेदी त्याच बघतात. पण कोर्टकचेरी आम्हाला झेपणार नाही हो.

मांजलपूरची_काकू:
अगं बाळा, लगेच कोर्टात कोण पाठवतंय तुला. आधी आईला म्हणावं पुढचं तळण थांबव. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागता येते पण नुकसान कमी करायला तुम्ही काय केलं हे कोर्ट बघतंच, म्हणून तयार माल दुसरीकडे विका, कमी भावात गेला तरी चालेल, फरकाचे पैसे आणि वाया गेलेल्या सामानाची बिलं मागायची. चॅट डिलीट करू नकोस, फोनही आत्ता बदलू नकोस, कारण उद्या पुरावा द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ चं सर्टिफिकेट चॅटसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं. आजच त्यांना व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर लिही की अमुक तारखेला ऑर्डर नक्की झाली, माल तयार आहे, घेणार की नाही ते उद्यापर्यंत कळवा. असा नीट मेसेज गेला की पुष्कळदा तिथेच मिटतं, नाहीतर वकिलाची नोटीस आहेच. तयार चकल्यांचा भाव मला मेसेज कर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते.